तीन गुलाम पळून आले, कायदा म्हणत होता परत पाठवा. पण समोर बसला होता एक बेरकी वकील

तारीख २३ मे १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटून जेमतेम सहा आठवडे झाले होते. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर फोर्ट मनरो नावाचा किल्ला होता. व्हर्जिनिया बंडखोर दक्षिणेकडे गेलं होतं, पण हा किल्ला अजून अमेरिकी सरकारच्या, म्हणजे उत्तरेच्या ताब्यात होता.

त्या रात्री एका छोट्या होडीतून तिघंजण किल्ल्यावर आले. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड. तिघंही गुलाम. त्यांचा मालक दक्षिणेच्या सैन्यात कर्नल होता आणि त्याने त्यांना तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलं होतं. आता आपल्याला बायकापोरांपासून लांब, आणखी दक्षिणेला नेणार हे कळल्यावर ते पळाले.

पण अडचण अशी होती की १८५० च्या कायद्यानुसार पळालेला गुलाम सापडला की तो मालकाच्या हवाली करावा लागायचा. त्यात लिंकन सरकारचं म्हणणं तेव्हा असं होतं की हे युद्ध देश एकत्र ठेवण्यासाठी आहे, गुलामगिरी संपवण्यासाठी नाही.

आता निर्णय किल्ल्याच्या नव्या प्रमुखाच्या हातात होता. त्याचं नाव बेंजामिन बटलर.

बटलर मुळात वकील. जन्म १८१८ चा, न्यू हॅम्पशायरमधला. तो तान्हा असतानाच वडील गेले. आईने लोवेल या गिरणगावात कामगारांसाठी खाणावळ चालवून घर सावरलं. पोरगा शिकला, वकील झाला आणि गिरणी कामगारांच्या दहा तासांच्या दिवसासाठी भांडू लागला. पण म्हणून तो गुलामगिरीविरोधी होता असं समजू नका. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरत होता, तेव्हा याने पुन्हा पुन्हा जेफरसन डेव्हिसला मत दिलं. हाच डेव्हिस पुढच्याच वर्षी बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला!

तर दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा एक मेजर पांढरं निशाण घेऊन आला आणि गुलाम परत मागू लागला. तेव्हा बटलरमधला वकील जागा झाला. त्याने सांगितलं, तुमचं राज्य स्वतःला वेगळा देश म्हणवतं ना? मग परक्या देशाला अमेरिकेचा कायदा कसा लागू होणार? मालकाने अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली तर माणसं परत मिळतील. नाहीतर ती शत्रूच्या युद्धकामात वापरलेली मालमत्ता, आणि अशी मालमत्ता जप्त करता येते.

गुलाम म्हणजे मालमत्ता, हे मालकांचंच म्हणणं. बटलरने तेच त्यांच्यावर उलटवलं.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. बायकापोरांसकट माणसं किल्ल्याकडे येऊ लागली आणि जुलै संपेपर्यंत हा आकडा सुमारे ९०० वर गेला. ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेने बंडासाठी वापरलेले गुलाम जप्त करण्याचा कायदाच केला.

पण या युक्तीत एक गोची होती. ही माणसं 'जप्त' झाली होती, स्वतंत्र नाही. किल्ल्यावरही ती सैन्यासाठी राबतच होती. शेवटी बटलरनेच सरकारला पत्र लिहून विचारलं की ही मालमत्ता आहे की माणसं? पुढे १ जानेवारी १८६३ उजाडला. त्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला.

मधल्या काळात, १८६२ मध्ये, बटलर न्यू ऑर्लिन्सचा लष्करी प्रशासक झाला. त्याने शहर स्वच्छ केलं, गरिबांना अन्न वाटलं. पण अमेरिकेचा झेंडा उतरवणाऱ्याला फाशीही दिली. सैनिकांचा अपमान करणाऱ्या बाईला वेश्येसारखं वागवलं जाईल, असा हुकूम काढला. यावर युरोपातूनही टीका झाली. घरातले चांदीचे चमचे चोरतो, असा आरोपही त्याच्यावर झाला. डेव्हिसने तर तो सापडला की थेट फासावर लटकवा, असं फर्मान काढलं. ज्याला मतं दिली, त्यानेच!

सेनापती म्हणून बटलर सुमारच होता. फोर्ट फिशरची मोहीम फसल्यावर १८६५ मध्ये त्याला घरी पाठवण्यात आलं. पण त्याच्या हाताखाली लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी त्याचं मत बदललं होतं. त्यांच्या शौर्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातून खास पदक बनवून घेतलं.

युद्धानंतर तो रिपब्लिकन खासदार झाला. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन कृष्णवर्णीयांवर हल्ले करत होती. त्याविरुद्ध बटलरने कडक विधेयक लिहिलं. ते पडलं, पण थोडं सौम्य होऊन नव्याने आलं आणि एप्रिल १८७१ मध्ये त्याचा कायदा झाला. १८८३ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला आणि जॉर्ज रफिन या कृष्णवर्णीय वकिलाला त्याने न्यायाधीश नेमलं. त्या राज्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. १८८४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला आणि सपाटून हरला. ११ जानेवारी १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याचा मृत्यू झाला.

आज अमेरिकेत पोलिसांनी एखाद्याचे घटनात्मक हक्क तुडवले, तर तो नागरिक बहुतेक वेळा १८७१ च्या त्याच कायद्यातल्या एका कलमाखाली कोर्टात जातो. बटलरच्या लढाया फारशा कुणाला आठवत नाहीत. हे कलम मात्र रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टात वापरलं जातं.