पोराला गुरू मिळाला, म्हणून कुमार गंधर्व घडले

बालाघाट : पोरगं चार वर्षांचं झालं आणि टीव्हीवरचं गाणं सुरात म्हणू लागलं, की घरात चर्चा सुरू होते. याला गाणं शिकवायचं तर पाठवायचं कोणाकडे? बालाघाटात, गोंदियात की थेट नागपुरात? हाच प्रश्न सुमारे नव्वद वर्षांपूर्वी बेळगावकडच्या एका बापापुढे होता. त्याने जे उत्तर शोधलं, त्यामुळे आपल्या मध्य प्रदेशातल्या देवासचं नाव देशभर गेलं.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी झाला. घर लिंगायत, बोली कानडी. वडील सिद्धरामय्या स्वतः गाण्याचे शौकीन. पोराला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. पण पाच-सहा वर्षांचा असताना तो एकदम गायलाच लागला. मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकायच्या आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या. तान तशीच, हरकत तशीच, सम तिथेच. एका मठाच्या स्वामींनी हे ऐकून त्याला कुमार गंधर्व म्हटलं. तेव्हा वय असेल सातेक वर्षं. पुढे मूळ नाव मागे पडलं आणि हेच नाव राहिलं.

मग व्हायचं तेच झालं. जलसे ठरू लागले, गावोगावी दौरे सुरू झाले. एवढासा पोरगा बड्या उस्तादांचं गाणं गातो हे बघायला लोक तिकीट काढून येत. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत तो गायला आणि जाणकारही थक्क झाले. १९३६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला तेव्हा वय होतं अकरा. त्या मैफलीनंतर त्याचं नाव मुंबईभर झालं.

खरी अडचण इथूनच पुढे होती. पोराचं नाव झालेलं, मैफलीची मागणी वाढती. व्यवहार बघितला तर दौरे चालू ठेवण्यातच फायदा. पण पोरगं जे गात होतं ते त्याचं स्वतःचं नव्हतं. राग म्हणजे काय, बंदिश कशी मांडायची, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. शिवाय तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. तो फुटला आणि हाती विद्या नसली, तर कालचा चमत्कार उद्या कोणी विचारत नाही. अशी कितीतरी बालकलाकारांची नावं आज कोणाला आठवतही नाहीत.

वडिलांनी दौऱ्यांपेक्षा शिक्षण निवडलं. १९३६ मध्येच मुलाला मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या हवाली केलं. ऑपेरा हाऊसजवळची त्यांची स्कूल ऑफ इंडियन म्युझिक ही संस्था १९२५ पासून चालू होती. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि पदवीधर. पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. आवाज कसा तयार करायचा, कसा जपायचा, याचा त्यांचा खास अभ्यास होता. त्यांची मोठी गोष्ट म्हणजे एकाच घराण्याचा हट्ट नव्हता. कोणत्याही घराण्याच्या गवयाकडे चांगली बंदिश असेल, तर ते स्वतः जाऊन ती घ्यायचे.

ज्या पोराला नक्कल सहज जमते, त्याला असाच गुरू हवा होता. दुसरा कोणी असता तर त्याने आपली आणखी एक नक्कल तयार केली असती. देवधरांकडे वेगवेगळ्या घराण्यांचे गवई येत-जात. कुमार ते ऐकत आणि कोण काय करतो, का करतो, हे समजून घेत. पुढे अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना तालीम मिळाली. विशीच्या आत-बाहेर ते त्याच शाळेत इतरांना शिकवू लागले.

१९४७ साली त्यांचं लग्न भानुमतीताईंशी झालं. त्याच सुमाराला क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारी अखेरीस दोघे मराठी संस्थानिकांच्या देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. भानुमतीताईंनी नोकरी करून घर चालवलं आणि शुश्रूषाही केली. स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध तेव्हा मिळू लागलं होतं, त्याने जीव वाचला. पण एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं.

तबकडीची नक्कल एवढंच हाती असतं, तर गाणं तिथेच संपलं असतं. कारण लांब दमाच्या ताना आता शक्यच नव्हत्या. पण अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून माळव्याची लोकगीतं कानावर यायची. ती त्यांनी बारकाईने ऐकली. या धुनांमध्येच रागांचं मूळ आहे हे ओळखलं आणि त्यातून नवे राग बांधले. १९५३ च्या सुमारास ते मैफलीत परतले ते वेगळंच गाणं घेऊन. छोट्या, झपकन येणाऱ्या ताना, मध्येच शांतता, आणि निर्गुणी भजनं. घराणं सोडलं म्हणून टीकाही झाली. ते थांबले नाहीत. १९६५ मध्ये त्यांचा अनूपरागविलास हा बंदिशींचा संग्रह आला.

१९६१ मध्ये भानुमतीताई गेल्या. पुढच्या वर्षी देवधरांच्याच शाळेतल्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला आणि त्यांनी मैफलीत आयुष्यभर साथ केली. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचं निधन झालं. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश यांनी गाणं पुढे नेलं.

जन्म कानडी मुलखात, शिक्षण मुंबईत, कर्मभूमी माळवा. राज्याच्या सीमा या गाण्याच्या आड कधी आल्या नाहीत. आपल्या भागातल्या आईबापांनी यातून एवढंच घ्यावं : गुरू शोधताना आधी तो किती लवकर स्टेजवर उभं करतो हे विचारू नका. पोराला स्वतःचं डोकं वापरून गायला शिकवतो का, आणि त्याचा कोवळा आवाज जपतो का, हे बघा. पेटीवर रोज सा लावून बसवणारा साधा मास्तर गावात असेल, तर सुरुवात तिथूनही होते.