विश्लेषण : नव्या कन्सोलवर जुने गेम, त्यामागचे गुनपेई योकोई कोण होते?

नव्वदच्या दशकात पुण्यात ज्यांनी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळला, त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हाचे बटण असायचे. ते बटण जपानी अभियंता गुनपेई योकोई यांची देणगी. त्यांच्या ‘गेम बॉय’चे गेम आजच्या कन्सोलवरही खेळले जातात. ते पाहायला योकोई मात्र राहिले नाहीत.

कोण होते योकोई?

जन्म १० सप्टेंबर १९४१, क्योटो. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन ते १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले. कंपनी तेव्हा पत्ते बनवायची आणि त्या यंत्रांची देखभाल योकोईंकडे होती. रिकाम्या वेळात त्यांनी लांबची वस्तू पकडणारा एक हात बनवला. अध्यक्षांनी तो पाहिला आणि १९६६ मध्ये खेळणे म्हणून बाजारात आणला.

त्यांचे सूत्र काय होते?

जुने, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. कॅल्क्युलेटरसारखा पडदा वापरून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आले. १९८९ च्या गेम बॉयचा पडदाही रंगीत नव्हता. पण रंगीत स्पर्धकांपेक्षा तो स्वस्त होता आणि चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले.

जुनी कॅसेट नव्या यंत्रात कशी चालली?

१९९८ च्या गेम बॉय कलरमध्ये त्याच जातीचा, पण दुप्पट वेगाने चालू शकणारा प्रोसेसर होता. जुनी कॅसेट लावली की तो जुन्याच वेगाने चाले. २००१ च्या गेम बॉय अॅडव्हान्सचा मुख्य प्रोसेसर वेगळा होता, म्हणून जुन्या जातीचा प्रोसेसरही आत ठेवला गेला. कोणता चालवायचा, हे कॅसेटच्या आकारावरून ठरे. त्यामुळे घरातल्या जुन्या कॅसेट वाया गेल्या नाहीत. २०२३ पासून हे गेम ‘स्विच’वर सबस्क्रिप्शन घेऊन खेळता येतात. तिथे कॅसेट लागत नाही. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, ते काम करते.

पुढे काय झाले?

१९९५ मध्ये योकोईंचा ‘व्हर्च्युअल बॉय’ सपशेल आपटला. डोळे टेकवून पाहायची ती लाल चित्रे ग्राहकांना रुचली नाहीत. १९९६ मध्ये त्यांनी निन्टेन्डो सोडून स्वतःची ‘कोतो’ कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते. जुन्या कॅसेट चालवणारा गेम बॉय कलर त्यानंतर वर्षभराने आला. आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने त्या फसलेल्या व्हर्च्युअल बॉयचे गेमही स्विचवर आणण्याची घोषणा केली.