रेव्हरंड टिळक आणि मंडळीचे गाणे

उपासनेतील गाणे पाद्र्याचे नव्हे, गायकवृंदाचेही नव्हे. ते सर्व मंडळीचे, आणि म्हणून मंडळीच्याच भाषेत असले पाहिजे, हे तत्त्व मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात जर्मनीत रूढ केले. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ते आपल्याबरोबर आणले. त्यांनी कष्टाने मराठी आत्मसात केली, गीते भाषांतरित केली. मात्र शब्द मराठी झाले तरी चाली पुष्कळदा इंग्रजीच राहिल्या. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या हिशेबाने. त्यामुळे नको तेथे ऱ्हस्व अक्षर ताणले जाई आणि अर्थाचा विरस होई. नगरकडे ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली होती, हे खरे. पण या कामाला हवा होता तो जातिवंत कवी.

तो नारायण वामन टिळकांच्या रूपाने लाभला. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाशिकला त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसाराची वाताहत झाली. ती हकीगत 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

धर्म सोडला तरी टिळकांनी तुकोबा सोडले नाहीत. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार-मांग समाजातील, अक्षरओळख नसलेली. छापील गीतपुस्तक त्यांच्या काय उपयोगाचे? पण एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी टाळावर उचलावी, ही भजनाची रीत त्यांच्या रक्तातच होती. टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तने रचून या रीतीला ख्रिस्ती आशय दिला. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात एकट्या टिळकांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. ल्यूथरचे तत्त्व महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने अमलात आले ते येथे, असे माझे मत आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या चरित्रातील आणखी एक बाजू खुणावते. मिशनच्या पैशावर उभी असलेली मंडळी आपले गाणे गाईल, पण निर्णय कोणाचे चालतील? पगारी उपदेशकाच्या शब्दाला गावात किती किंमत राहील? हा प्रश्न टिळकांना अखेरपर्यंत छळत राहिला. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. वेतनाची शाश्वती सोडून असा प्रयोग करणारी माणसे तेव्हाही थोडीच होती.

प्रयोगाला अवधी मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहावयास घेतले.