बऱ्हाणपूरचे राखणदार : राव रतन हाडा

तापीकाठच्या बऱ्हाणपूरचे नाव निघाले की शहाजहान आणि मुमताजमहल यांचे स्मरण होते. सिंधीपुऱ्यासारख्या जुन्या पेठांच्या या शहराने त्याच शहाजहानाला एके काळी शस्त्रबळाने परतवून लावले होते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी नसते. तो पराक्रम बुंदीच्या राव रतन हाडांचा.

हाडांची मोगल चाकरी तेव्हा अर्धशतकाची झाली होती. आजोबा राव सुर्जन यांनी १५६९ मध्ये रणथंभोर अकबराच्या स्वाधीन केला, तेव्हापासूनची. पिता राव भोज यांच्यामागे रतनसिंह गादीवर आले आणि जहांगीराने त्यांना सरबुलंद राय हा किताब दिला.

१६२२ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजेच शहाजहान, पित्यावर उलटला आणि साम्राज्यात यादवी माजली. बादशहा प्रकृतीने खचलेला. आज ना उद्या तख्त या पराक्रमी पुत्राकडे जाण्याचा संभव. अशा वेळी त्याच्याशी लढणे म्हणजे उद्याच्या धन्याचे वैर पत्करणे. वारा वाहील तशी पाठ फिरविणारे सरदार थोडे नव्हते. राव रतन बादशहाच्या बाजूस राहिले. ही निष्ठा निव्वळ भाबडी होती, असे नव्हे. बुंदीचे हितही तीत गुंतलेले होते. पण कसोटीची घटका आली तेव्हा ते डगमगले नाहीत.

महाबतखान आणि शहाजादा परवेझ बंडखोरांच्या पाठलागावर गेले, तेव्हा बऱ्हाणपूर रावांच्या हवाली होते. १६२४ मध्ये शहाजीराजांनी जेथे नाव गाजविले, त्या भातवडीच्या रणात मलिक अंबराने मोगल व आदिलशाही फौजांचा धुव्वा उडविला. मग त्याच्या सैन्याने बऱ्हाणपूर वेढले. बंगालकडून परतलेला खुर्रम त्यास येऊन मिळाला आणि त्याने लालबागेत तळ दिला.

हल्ला दोन अंगांनी झाला. राव अब्दुल्लाखानाशी झुंजत असताना दुसरीकडून महंमद तकी तट फोडून थेट शहरात घुसला. बाहेरचा शत्रू हटलेला नाही आणि आतला पाठीशी आलेला! रावांनी काही माणसे मोर्चावर ठेवली व निवडक स्वारांनिशी ते आत धावले. तकीने किल्ल्याचा आसरा घेतला. अखेर तो शरण आला. पुढे महाबतखान व परवेझ जवळ येताच वेढा उठला. आजाराने खंगलेल्या खुर्रमाने १६२६ मध्ये माफी मागितली, रोहतास व अशीरगड सोडले आणि दारा व औरंगजेब हे पुत्र ओलीस म्हणून दरबारी धाडले. रावांना पाच हजारी मनसब आणि रामराज हा किताब मिळाला.

१६२८ मध्ये तोच खुर्रम तख्तावर बसला. रावांचे आता काय होणार, अशी शंका त्या काळी अनेकांच्या मनात आली असेल. नव्या बादशहाने मात्र त्यांना दूर केले नाही. दक्षिणेच्या चाकरीत असतानाच १६३१ मध्ये रावांचे देहावसान झाले. त्याच वर्षी बऱ्हाणपुरात मुमताजमहलही निवर्तली. थोरले पुत्र गोपीनाथ आधीच वारले होते, म्हणून बुंदी नातू छत्रसालांकडे गेली. पुत्र माधोसिंहांना शहाजहानाने कोट्याचे स्वतंत्र राज्य दिले. १६५८ मध्ये पुन्हा यादवी पेटली तेव्हा सामूगढच्या रणात छत्रसाल कामी आले, ते वृद्ध शहाजहान आणि दारा यांच्या पक्षाने लढताना.