काल्हेरच्या ऑफिसातला स्पॅम ओळखायला मदत करतो १७६१ साली वारलेला पाद्री!

भिवंडीजवळचं काल्हेर म्हणजे गोडाऊनचं गाव. इथल्या एखाद्या पाच-सहा जणांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसने स्वतःचा मेल सर्व्हर टाकला असं समजा. पहिले काही दिवस मजेत जातात. मग कचरा सुरू होतो. लॉटरी लागली, कर्ज मंजूर झालं, बँक खातं बंद होणार! या ढिगात खऱ्या पार्टीचा मेल दबला तर ट्रक माल न भरताच उभा राहतो.

हा कचरा बाजूला काढणाऱ्या फिल्टरच्या गणिताला एका पाद्र्याचं नाव आहे. थॉमस बेझ.

बेझ यांचा जन्म साधारण १७०१ चा. वडील चर्च ऑफ इंग्लंडपासून फटकून असलेल्या पंथाचे धर्मगुरू. अशा घरातल्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, म्हणून थॉमस एडिंबरोला शिकले. पुढे इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स गावात ते स्वतः पाद्री झाले.

फावल्या वेळात त्यांचं गणित चालायचं. १७३६ साली त्यांनी न्यूटनच्या कॅल्क्युलसची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं, तेही नाव न टाकता. १७४२ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं.

त्यांना एक प्रश्न पडला होता. एखादी गोष्ट किती वेळा घडली आणि किती वेळा नाही, एवढंच माहीत असेल, तर ती घडण्याची मूळ शक्यता किती? म्हणजे परिणामावरून उलटं मागे जायचं. उत्तर त्यांनी लिहून ठेवलं, पण छापलं नाही. ७ एप्रिल १७६१ ला ते वारले. त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांना कागदांत तो निबंध सापडला. त्यांनी तो १७६३ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला. नाहीतर बेझ हे नाव आज कुणाला माहीतही नसतं.

या विचाराचं महाराष्ट्राशीही नातं आहे. विसाव्या शतकात त्याला पुन्हा उभारी देणारे केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज. त्यांच्याकडे कोल्हापूरच्या वसंत हुजूरबाजार यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला.

१९९८ च्या सुमारास संशोधकांनी हेच गणित स्पॅमला लावलं. २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ते घरोघरी पोचवलं. फिल्टर प्रत्येक शब्दाचा हिशोब ठेवतो. 'लॉटरी' हा शब्द आधी किती स्पॅम मेलमध्ये आला, किती चांगल्या मेलमध्ये? असे सगळे शब्द जोडून तो अंदाज बांधतो.

गंमत अशी की हा हिशोब प्रत्येक ऑफिसचा वेगळा असतो. काल्हेरमध्ये 'बिल्टी', 'भाडं', 'ई-वे बिल' हे शब्द चांगल्या मेलची खूण. दवाखान्यात तेच शब्द संशयास्पद ठरतील. म्हणून फिल्टरला आपलेच मेल दाखवून शिकवावं लागतं. 'स्पॅमअसॅसिन' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा बेझ-भाग तर किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय मतच देत नाही.

इथेच बरीच ऑफिसं चुकतात. स्पॅम नुसता डिलीट करतात, शिकवत नाहीत. चुकून अडकलेला चांगला मेलही परत दाखवत नाहीत. मग फिल्टरची चूक तशीच राहते. नवा पुरावा मिळाला की मत बदलायचं, हे बेझ यांचं सूत्र. पण तो पुरावा रोज द्यायचं काम ऑफिसातल्या माणसालाच करावं लागतं.