गणिताचे साधक : प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

कोसंबी हे नाव आपल्या समाजात आदराने उच्चारले जाते, ते प्रामुख्याने आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्यामुळे. पाली वाङ्मयाचे हे थोर अभ्यासक आणि त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांना परिचित आहेत. त्यांचे सुपुत्र दामोदर यांना आपण प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. परंतु दामोदर कोसंबी यांचा आयुष्यभराचा व्यवसाय गणिताचा होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. सुमारे तीन दशके ते गणित शिकवीत आणि गणितात संशोधन करीत होते. इतिहास, नाणकशास्त्र, संस्कृत काव्य या क्षेत्रांत त्यांनी जे केले, त्याच्या मुळाशीही गणिताने लावलेली विचारांची शिस्त होती.

या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र निवडण्यामागे एक विशेष हेतू आहे. नंदनवनासारख्या वस्तीतील शाळेत राहून शिकणारी आपली मुले दहावीपर्यंत गणिताशी झुंजतात आणि अकरावीचा अर्ज भरताना त्यांतील कितीतरी गणिताला कायमचा रामराम करतात. घरात शिकलेले कोणी नाही, मग हा विषय आपला नव्हे, अशी समजूत मुलांची असते आणि पुष्कळदा पालकांचीही असते. गणित सुटले की अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र अशी अनेक दारे एकाच वेळी बंद होतात. म्हणून गणित कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर एका मोठ्या गणितज्ञाच्या आयुष्यात शोधावे, असे वाटले.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन या गावी झाला. गोव्यात त्या वेळी पोर्तुगिजांची सत्ता होती. वडील धर्मानंद यांचे शालेय शिक्षण अगदी तुटपुंजे होते. बुद्धाच्या धम्माविषयीच्या ओढीने ते १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे आणि काशी येथे संस्कृतचा अभ्यास करीत, अन्नछत्रात जेवत, नेपाळमार्गे भटकत ते अखेर सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथे पाली शिकले. पदवी नसलेल्या या माणसाला पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथांच्या संपादनासाठी बोलावून घेतले. ज्ञान मिळवायचे तर त्यासाठी पायपीट करावी लागते, हा धडा दामोदर यांना घरातच मिळाला होता.

१९१८ साली धर्मानंद दुसऱ्यांदा हार्वर्डला गेले, तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर या दोघांनाही शिक्षणासाठी बरोबर नेले. बोस्टनजवळच्या केंब्रिज शहरात दामोदर यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे ते हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखा श्रेष्ठ गणितज्ञ तेथे त्यांचा मार्गदर्शक होता. सर्व लक्ष गणितावर केंद्रित करावे, असा बर्कहॉफ यांचा आग्रह होता. दामोदर यांनी मात्र गणिताच्या जोडीने अनेक युरोपीय भाषा आणि इतर विषयही आत्मसात केले. एका विषयाच्या कुंपणात न मावण्याचा हा स्वभाव त्यांना जन्मभर लाभदायक ठरला आणि कधी कधी अडचणीतही आणत राहिला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हार्वर्डचे ग्रंथालय आणि विद्वान पिता ही संधी आपल्या मुलांना मिळालेली नाही. दामोदर यांचा प्रारंभ आणि आपल्या विद्यार्थ्यांचा प्रारंभ सारखा नाही. तरीही त्यांच्या कामाची पद्धत पाहिली, तर तीत आपल्याला न परवडणारे फारसे काही आढळत नाही.

मायदेशी परतल्यावर ते प्रथम बनारस हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात अध्यापक झाले. अलीगढला त्यांना नेले ते आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने. तेथे १९३१ साली एक गमतीदार प्रसंग घडला. वेइल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक छोटा शोधनिबंध लिहिला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा उल्लेख केला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका गटाने हेच नाव सामूहिक टोपणनाव म्हणून धारण केले आणि विसाव्या शतकातील गणितावर मोठा ठसा उमटवला. छापील गणिती लेखनात बुर्बाकी हे नाव प्रथम आले, ते एका मराठी माणसाच्या लेखणीतून.

त्यानंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्यांच्या वडिलांनी याच महाविद्यालयात पूर्वी पाली शिकवले होते. पुण्यातील ही वर्षे त्यांच्या गणिती आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे ठरली. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. अध्यापनाचा भार सांभाळून, परदेशातील विद्वानांपासून दूर राहून त्यांनी या काळात जे लिहिले, त्यातील दोन निबंधांची ओळख येथे करून द्यावीशी वाटते. दोन्हींची बीजे आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहेत.

पहिला निबंध १९४४ सालचा आहे आणि त्याचा विषय आनुवंशिकता हा आहे. एकाच गुणसूत्रावर दोन जनुके असतील, तर आईवडिलांकडून मुलांकडे जाताना त्यांची कधी कधी ताटातूट होते. जनुके जितकी दूर, तितकी ताटातूट होण्याची शक्यता अधिक. पण त्यांच्यामधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली, तर दुसरी अदलाबदल पहिलीचा परिणाम पुसून टाकते. त्यामुळे दिसणारे प्रमाण आणि खरे अंतर यांचा मेळ बसत नाही. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ साली या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. त्यात एका अदलाबदलीचा दुसरीवर काहीच परिणाम होत नाही, असे गृहीत होते. कोसंबींनी असे मानले की, जवळच्या अंतरावर एक अदलाबदल दुसरीला रोखते आणि अंतर वाढते तसतसा हा अडथळा ओसरत जातो.

अंतराला क्ष आणि ताटातुटीच्या प्रमाणाला य म्हणू. कोसंबींच्या गृहीतकानुसार, क्ष च्या सापेक्ष य चा विकलज १ − ४य² इतका येतो. बारावीचा कोणताही विद्यार्थी हे विकलक समीकरण ओळखेल. चले वेगळी करावीत, १ − ४य² चे (१ − २य) आणि (१ + २य) असे अवयव पाडावेत, आंशिक अपूर्णांक मांडून संकलन करावे. अंतर शून्य असताना ताटातूटही शून्य असते, म्हणून स्थिरांक शून्य येतो. शेवटी उत्तर मिळते ते असे : (१ + २य) ला (१ − २य) ने भागावे, त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग घ्यावा आणि त्याला ४ ने भागावे. समजा, १०० संततींपैकी २० मध्ये ताटातूट दिसली, तर य = ०.२. भागाकार १.४ ÷ ०.६, त्याचा लॉग सुमारे ०.८४७, आणि ४ ने भागल्यावर अंतर सुमारे ०.२१२. हॉल्डेन यांच्या सूत्राने हेच अंतर सुमारे ०.२५५ येते. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आजही हे सूत्र वापरतात आणि त्याला कोसंबींचेच नाव आहे.

गणित म्हणून पाहिले, तर हे दोन-चार ओळींचे उदाहरण आहे. सरावाच्या वहीत विद्यार्थी अशी उदाहरणे सोडवीत असतात. कोसंबींचे मोठेपण ते समीकरण सोडवण्यात नव्हते. निसर्गातील एका गुंतागुंतीच्या घटनेसाठी नेमके समीकरण कोणते मांडावे, हे त्यांना दिसले. परंतु समीकरण सोडवण्याची सवय हाताला नसती, तर ते मांडण्याचे धाडसही झाले नसते. सरावाचे मोल येथे कळते.

दुसरा निबंध १९४३ सालचा आहे. सदिशाचे आपण परस्परांना लंब असलेल्या दिशांत घटक पाडतो, हे अकरावीपासून परिचित आहे. दररोज वेगळी दिसणारी एखादी वक्ररेषा, उदाहरणार्थ दिवसभरातील तापमानाचा आलेख, हाही एक सदिशच मानला तर काय होईल? अशा यादृच्छिक वक्रांसाठी परस्परांना लंब असलेल्या सर्वांत उपयुक्त दिशा कशा शोधाव्यात, हे कोसंबींनी दाखवले. सदिश, मॅट्रिक्स, संकलन आणि संभाव्यता हे आपण वेगवेगळ्या प्रकरणांत शिकतो. येथे ते सारे एकत्र येतात. काही वर्षांनी कारुनेन आणि लोएव या युरोपीय गणितज्ञांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला आणि जगात ती पद्धत त्यांच्या नावाने रूढ झाली. संदेशवहनात आणि चित्रांची माहिती साठवण्यात तिचा उपयोग होतो. पुण्यात बसून ती आधी लिहिणाऱ्याचे नाव आता कुठे त्यांच्या जोडीने घेतले जाऊ लागले आहे.

याच काळात कोसंबींनी गणिताची दृष्टी इतिहासाकडे वळवली. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेली चांदीची आहत नाणी त्यांनी अभ्यासासाठी घेतली. हातोहात फिरताना नाणे झिजते. त्यामुळे एकाच टांकसाळीतून एकाच वजनाने निघालेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढत जाते. हे तत्त्व पारखून घेण्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणीही मोठ्या संख्येने तराजूत तोलली. मग प्राचीन नाण्यांच्या मागील बाजूवरच्या खुणांची संख्या आणि त्यांचे वजन यांचा संबंध जोडून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हे त्यांनी ठरवले. सरासरी आणि प्रमाण विचलन ही आपल्या पाठ्यपुस्तकातील साधने मौर्यकाळापर्यंत कशी पोहोचू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. घर पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने ते मुंबईला ये-जा करीत. ४ जून १९४७ रोजी आचार्य धर्मानंदांनी आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे देह ठेवला. पुढच्या वर्षी दामोदर यांनी भर्तृहरीच्या शतकत्रयीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. विद्याकर या बौद्ध पंडिताने संकलित केलेला 'सुभाषितरत्नकोश' त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह संपादित केला. तो १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. १९५६ साली, म्हणजे आपल्या नागपुरात धम्मक्रांती घडली त्याच वर्षी, भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा विख्यात इंग्रजी ग्रंथ बाहेर आला. कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी घाटवाटांच्या व्यापारी मार्गांवर का आहेत, याचा शोध त्यांनी डोंगर पायी तुडवून घेतला. मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता, मात्र पुराव्यावाचून त्यांनी तोही डोळे मिटून स्वीकारला नाही.

त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातील एक बाजू दुःखद आहे. रीमान यांनी १८५९ साली मांडलेले आणि आजही सिद्ध न झालेले एक गृहीतक संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी एकोणिसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस केला. ती सिद्धता इतर गणितज्ञांना मान्य झाली नाही आणि त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला धक्का बसला. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार केल्यामुळेही ते तत्कालीन विज्ञानधुरीणांपासून दुरावत गेले. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची कारकीर्द संपली. पुढे पुण्यातून त्यांचे काम चालू राहिले. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. २००८ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रीमानच्या गृहीतकाचा हा प्रसंग चरित्रातून वगळावा असे कोणाला वाटेल. आमच्या मते तो मुद्दाम सांगायला हवा. हार्वर्डची पदवी, पारितोषिके, जगभराचा लौकिक हे सारे पाठीशी असतानाही गणिताने कोसंबींना एका न पटणाऱ्या पायरीची सूट दिली नाही. आणि ज्या गणिताने त्यांना सूट दिली नाही, ते गणित रिक्षाचालकाच्या किंवा शेतमजुराच्या मुलीची बिनचूक पायरीही नाकारू शकत नाही. सांगणाऱ्याचे नाव, कूळ वा मोठेपण पाहून एखादी गोष्ट खरी मानू नये, ती स्वतः पारखून घ्यावी, ही कालाम सुत्तातील शिकवण आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. फळ्यावर सिद्धता मांडताना तीच शिकवण आपण आचरणात आणत असतो.

पालकांना विनंती एवढीच की, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मुलाने वा मुलीने गणित घेण्याचे मनात आणले, तर घरात कोणी शिकलेले नाही म्हणून त्यांना मागे ओढू नये. माजी विद्यार्थ्यांनी रविवारचे दोन तास वसतिगृहातील मुलांबरोबर सरावाला द्यावेत. आणि बारावीच्या विद्यार्थ्यांनी वर दिलेले कोसंबींचे समीकरण उत्तर झाकून, वहीत स्वतः सोडवून पाहावे. आंशिक अपूर्णांकांच्या पायरीवर बहुतेकांचे चिन्ह चुकते. तेथे थांबून पुन्हा मांडावे.