गावाच्या कर्जाचा हिशेब मांडणारे चिंतामणराव

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. गडाच्या ओढीने निघालेल्या गाड्या तेथे फारशा थांबत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच गावी झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद झुगारून देणारा बाणेदार माणूस, ही त्यांची ओळख महाराष्ट्राने जपली. त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा धागा मात्र काहीसा विस्मरणात गेला. खेड्यातला शेतकरी गरीब का राहतो याविषयी तर्क लढवण्यापेक्षा आधी मोजावे, तज्ज्ञांना एकत्र बसवावे आणि जे हाती येईल त्यावर संस्था उभी करावी, असा तो धागा आहे.

ज्या मुलखात ते जन्मले तेथे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडकडे उतरते. पाऊस अमाप, पण खरिपाचे भात निघाले की बहुतेक शेते उघडी पडत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, तीही एका जागी सलग फार वर्षे नाही. जमिनीचे तुकडे लहान. कुलाबा जिल्ह्याच्या काही भागांत खोती पद्धत असल्याने पिकाचा मोठा वाटा कुळाच्या हातून जाई. भाताची कणगी पावसाळ्यापूर्वीच रिकामी होत असल्याने खाण्यासाठी धान्य उसने घ्यावे लागे आणि ते सुगीला वाढीसह फेडावे लागे. उरलेला मार्ग मुंबईचा होता. गिरणीत गेलेल्या मुलाची मनीऑर्डर हे अनेक घरांचे खरे पीक होते. खोतीविरुद्धचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले.

चिंतामणरावांचे वडील रोह्याला वकिली करीत. बालपण त्याच परिसरात गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतले, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले आणि १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. निरीक्षण करायचे, वर्गवारी करायची आणि मगच निष्कर्ष काढायचा, ही वनस्पतिशास्त्राची शिस्त त्यांच्या पुढच्या कामात दिसते असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी सुमारे दोन दशके नोकरी केली. या काळात ते बंदोबस्त अधिकारीही होते. बंदोबस्ताचे काम म्हणजे जमिनीचा मगदूर, पीक, कुळांचे हक्क हे गावोगाव तपासून सारा ठरवणे. हाताखालचे कर्मचारी कितीही असले तरी या कामात अधिकाऱ्याला शिवारात उतरावेच लागे. दिल्लीत किंवा मुंबईत बसून शेतीविषयी बोलणाऱ्या अर्थतज्ज्ञांना सहसा न मिळणारी ही शिदोरी होती.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. जगाची चलनव्यवस्था ठरवताना गरीब देशांच्या विकासाचाही विचार व्हावा, असा आग्रह या शिष्टमंडळाने धरला. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत त्याला हवे तसे स्थान मिळाले नाही, जागतिक बँकेच्या घटनेत मात्र कमी विकसित देशांचा उल्लेख आला. बँकेत परतल्यावर त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली संशोधन व सांख्यिकी विभाग सुरू झाला. त्याच वर्षी ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचे सूर जुळले.

याचे फळ १९५० साली दिसले. त्या वर्षी देशमुख अर्थमंत्री झाले आणि त्यांच्याच खात्याच्या छत्राखाली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सर्व गावे मोजणे अशक्य होते. म्हणून शास्त्रीय पद्धतीने थोडी गावे निवडायची, त्यांतली थोडी घरे निवडायची आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्याने दारात बसून विचारायचे, की घरात किती माणसे आहेत, काय पिकते, काय विकत घेता. पहिल्या फेरीत सुमारे अठराशे गावे घेतली गेली आणि ती फेरी केवळ ग्रामीण भागापुरती होती. देशातली गरिबी किती, या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याची सोय यातून झाली.

पुढचे काम कर्जाचे. १९५१ साली रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी हाती घेतली. तेव्हा गव्हर्नर बेनेगल रामा राव होते, त्यामुळे श्रेय एकट्या देशमुखांच्या पदरात टाकणे योग्य नाही. समितीचे अध्यक्ष अ. दि. गोरवाला. सदस्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या आणि संख्याशास्त्रज्ञ एन. एस. आर. शास्त्री. प्रशासक, अर्थशास्त्रज्ञ, बँकर आणि आकड्यांचा जाणकार असे चौघे एका टेबलाशी बसले. ७५ जिल्हे, प्रत्येकी आठ याप्रमाणे ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे, असा या पाहणीचा पसारा होता.

१९५४ साली अहवाल आला. शेतकऱ्याने वर्षभरात घेतलेल्या कर्जापैकी ४४.८ टक्के व्यावसायिक सावकाराकडून, २४.९ टक्के शेतकरी सावकाराकडून आणि १४.२ टक्के नातेवाइकांकडून आले होते. सरकारी तगाईचा वाटा ३.३ टक्के. पन्नास वर्षांचे वय झालेल्या सहकारी सोसायट्यांचा ३.१ टक्के. व्यापारी बँकांचा तर एक टक्कासुद्धा नाही, फक्त ०.९. कर्जाचा बराच मोठा हिस्सा बियाणे वा बैलासाठी नसून घरखर्चासाठी होता. सावकारी कायद्याने आवळून भागणार नाही, कारण त्याची जागा घेणारे दुसरे कोणी गावात नाहीच, हे यातून उघड झाले.

अहवाल कपाटात गेला नाही, हे अर्थमंत्री म्हणून देशमुखांचे श्रेय. इम्पीरियल बँक ताब्यात घेण्याचा निर्णय डिसेंबर १९५४ मध्ये त्यांनी संसदेत जाहीर केला आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले व ते तिने पाळले. तालुक्याच्या गावी बँक पोहोचू लागली ती या धोरणामुळे. रिझर्व्ह बँकेत शेतीच्या दीर्घ मुदतीच्या पतपुरवठ्यासाठी १० कोटी रुपयांचा स्वतंत्र निधीही तेव्हाच उभा राहिला. १९८१ च्या पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जातील बँका, सोसायट्या व सरकार यांचा वाटा साठ टक्क्यांपुढे गेलेला आढळला.

तरीही एक उणीव नोंदवायला हवी. कर्ज तारणावर मिळते. ज्याच्या नावावर बागायत आहे, ऊस आहे, त्याला सोसायटीची पायरी चढणे सोपे. पोलादपूरच्या उतारावर वीस-पंचवीस गुंठे भात आणि थोडी वरकस असणाऱ्याला ते तितके सोपे नव्हते, आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या कातकऱ्याला तर नाहीच. सहकारी पतपुरवठा मोठ्या शेतकऱ्याकडेच झुकतो, हे १९५४ च्या अहवालानेच दाखवून दिले होते. उपाययोजनेत त्यावरचा इलाज पुरता सापडला नाही. पश्चिम महाराष्ट्रात सहकार फोफावला आणि कोकणात खुरटला. त्यामागे इतर कारणे असली तरी हेही एक ठळक कारण होते. माणसे मुंबईला जातच राहिली.

१९५२ साली देशमुख कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले होते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाचा आणि आंदोलकांवरील गोळीबाराची चौकशी नाकारली गेल्याचा निषेध म्हणून त्यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिमंडळ सोडले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार असा प्रवास झाला. मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांच्या नावावर आहे. महालनोबिस यांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९६४ पर्यंत सांभाळले.

ग्रामीण कर्जाची पाहणी साधारण दर दहा वर्षांनी होत राहिली. पुढे ती राष्ट्रीय नमुना पाहणीकडेच सोपवण्यात आली आणि २०१९ सालीही ती घेण्यात आली. १२ जुलै १९८२ रोजी नाबार्डची स्थापना झाली, तेव्हा तो शेती पतपुरवठ्याचा निधी या नव्या बँकेकडे वर्ग झाला. चिंतामणराव त्या वेळी हैदराबादेत होते. पत्नी दुर्गाबाईंचे निधन आदल्या वर्षी झाले होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी तेथेच त्यांचा मृत्यू झाला.